राखलेलं वारूळ

लग्न ठरलं तेव्हा मुलगा प्राणीशास्त्राचा प्राध्यापक आहे, एवढंच मला सांगण्यात आलं. मला वाटलं, वाघावर अभ्यास असेल. टिपेश्वरचं जंगल काही फार लांब नाही. वाघ नाही तर गेला बाजार मोर तरी. संसाराला लागल्यावर एके सकाळी दूध ठेवायला फ्रिज उघडला, तर दह्याच्या भांड्याशेजारी प्लास्टिकच्या डब्यात बैलाचं शेण. मी ओरडले. बाहेरच्या खोलीतून राठोड सर अगदी शांतपणे म्हणाले, "झाकण लावून ठेव बरं. थंडीनं सुस्तावतात थे, मंग धरता येतात."

"थे" म्हणजे कोण, हे समजून घेण्यात माझा पुढचा बराचसा जन्म गेला.

माझे यजमान धनसिंग राठोड पुसदच्या एका कॉलेजात शिकवतात. मी त्याच गावात हायस्कूलला मराठी शिकवते. कॉलेजात, गल्लीत, किराणा दुकानात सगळे त्यांना राठोड सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. निदान चिडलेली असताना तरी. त्यांचा विषय म्हणजे भुंगेऱ्यांचं एक कुल. मराठीत या किड्यांना धड नावसुद्धा नाही. घरात मराठीची बाई असताना नाव नसावं याचं सरांना फार दुःख. "काढ ना एखादं चांगलं नाव," असं ते दरवर्षी म्हणतात. मी आजवर सुचवलेलं एकही नाव छापण्याजोगं नव्हतं, असं त्यांचं मत आहे.

किडा दिसायला असा: इतर भुंगेऱ्यांची पाठ टणक झाकणांनी पूर्ण झाकलेली असते, याची झाकणं अर्ध्या पाठीवरच संपतात, आखूड बंडी घातल्यासारखी. खालचं पोट सगळं उघडं. डिवचला की शेपटाचं टोक विंचवासारखं वर उचलतो, पण त्यात नांगी नसते, नुसती दमदाटी. आमच्या स्टाफरूममध्ये असे दोघं-तिघं आहेत, त्यामुळे हा भाग मला लगेच समजला. शेणात, कुजलेल्या पाचोळ्यात, अळंबीत, मेलेल्या ढोरात, जिथे म्हणून आपण नाकाला पदर लावू तिथे हा राहतो. जगात याच्या साठ हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत. सरांना मात्र वाटतं की अजून पुष्कळ राहिल्यात, आणि त्यातली एक तरी आपल्या वाट्याला यावी.

या वेडाची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. सर होस्टेलला शिकत होते तेव्हा पावसाळ्यात त्यांच्या मानेवर पट्टा उठला, फोडांचा, आगीसारखा. सगळ्यांनी ठरवलं, नागीण झाली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग मित्रांनी त्यांना एका जाणत्याकडे नेलं, त्यानं गेरू फासला आणि मंत्र पुटपुटला. वर्गातल्या शिक्षकांनी मात्र मानेकडे एक नजर टाकून विचारलं, "ट्यूबलाइटखाली झोपला होतास का?" उजेडाला येणारा, याच कुलातला तांबडा-काळा किडा झोपेत मानेवर चिरडला होता, त्याच्या अंगातल्या रसानं फोड आले होते. नागीण बिचारी कुठे नव्हतीच. दुसरा कोणी असता तर त्यानं त्या किड्याला शिव्या घातल्या असत्या आणि मच्छरदाणी विकत घेतली असती. आमचे सर त्याच्या प्रेमात पडले.

आणि प्रेमात पडून करतात काय, तर वर्गवारी. मोठं कुल, त्यात उपकुलं, त्यात प्रजाती, त्यात जाती. प्रत्येक किडा टोचायचा, खाली चिठ्ठी लावायची: कुठे सापडला, कशात सापडला, कोणी धरला. मला आधी वाटलं, रंग पाहून, आकार पाहून जात ठरत असेल. छे! एकाच रंगाचे, एकाच मापाचे दोन किडे शेजारी ठेवले तर ते भाऊ आहेत की परके, हे वरून ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बहुतेक ठिकाणी खात्री होते ती नराच्या एका अवयवावरून. पोटाच्या टोकातून तो अवयव सुईनं बाहेर काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, त्याचं चित्र काढायचं. प्रत्येक जातीचा आकार वेगळा. मादी कितीही देखणी असली तरी या कामात तिचा पुरावा चालत नाही. आमच्याकडे मुलांच्या जात पडताळणीला वडिलांकडचीच कागदपत्रं लागतात, आईच्या बाजूचं कोणी ढुंकून पाहत नाही. किड्यांच्या राज्यातही तोच कायदा निघाला तेव्हा मला विज्ञानाविषयी एकदम आपुलकी वाटली.

"सर सुटीत काय करतात?" असं माझ्या शाळेतल्या बायका विचारतात. मी सांगते, "वाचन."

त्यांची बरीच वर्षं अशीच गेली. सर पुसदच्या डोंगरातनं, पूस नदीच्या काठानं, हळदीच्या आणि कपाशीच्या वावरांतनं किडे आणत; माझ्या चाळण्या एकामागून एक शहीद होत; आणि एखादा किडा ओळखीचा वाटला नाही की तो बाहेरगावच्या एका मोठ्या तज्ज्ञांकडे जाई. तिकडून उत्तर ठरलेलं: नमुना सुंदर आहे, पण या जातीचं वर्णन पूर्वीच झालेलं आहे. कोणी केलं? तर कोण्या एका साहेबानं, इंग्रज अमदानीत. साहेब लोक इकडे राज्य करायला आले होते की शेण चिवडायला, असा मला प्रश्न पडे. सर उत्तर वाचत, चष्मा पुसत आणि म्हणत, "बरं झालं, आपल्या जिल्ह्यात हाये हे त समजलं." मग रात्री जेवण अर्धवट टाकून उठत. कॉलेजात प्राचार्य विचारत, "राठोड, या किड्यांचा उपयोग काय?" सर सांगत की काही जाती कपाशीवरच्या अळ्यांची अंडी खातात. प्राचार्य म्हणत, "मग तेवढ्याच ठेवा ना."

तांड्यावर तर सरळ हसत. पुसदपासून डोंगराकडे गेलं की आमचा बोरतळा तांडा. सरांची आई रामीबाई आणि धाकटा भाऊ धरमसिंग तिथेच राहतात. धरमसिंगची शेती आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे, आता सगळे जागच्या जागी कपाशी आणि सोयाबीन करतात. तांड्यातली पोरं पोलिसात गेली, एसटीत लागली, एक तर तहसीलदार झाला. "रामी, तुहा धनू काय करते?" असं कोणी विचारलं की सासूबाई डोक्यावरची ओढणी पुढे ओढून सांगत, "कॉलेजात हाये." मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "किडे धरते!" आणि पारावर हशा पिकायचा. सर स्वतःही हसत. पण पुढे पुढे त्यांनी तांड्यावर किड्याचं नाव काढणंच सोडून दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं इथेच बिघडलं.

परवाच्या श्रावणात आम्ही तीजेसाठी तांड्यावर होतो. तीज हा आमच्याकडे कुमारिकांचा सण. नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, परवानगी घ्यायची, टोपल्यांत गहू पेरायचा आणि रोज गाणी म्हणत, पाणी घालत तो वाढवायचा. टोपलीत भरायला लेंडीखत आणि वारुळाची माती लागते. धरमसिंगची राखी आणि तिच्या मैत्रिणी तांड्यामागच्या वारुळाची माती घेऊन आल्या, ओट्यावर ओतली आणि ढेकळं फोडायला लागल्या.

"थांबा! कोनी हालू नका!" सर असे ओरडले की पोरींना वाटलं साप निघाला. त्या टोपल्या टाकून पळाल्या. सर मात्र उकिडवे बसून, तोंडात रबरी नळी धरून, मातीतलं काहीतरी बाटलीत ओढून घेत होते. ही नळी त्यांच्या खिशात कायम असते. लग्नाच्या वाढदिवसालाही असते.

बाटलीत फिकट पिवळसर असं तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं. पुसदला आल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पोट फुगलेलं आणि उलटं वळवून पाठीवर घेतलेलं. वरून पाहिलं तर हुबेहूब वाळवी. हा किडा वाळवीच्या घरात राहतो, वाळवीचं सोंग घेतो आणि वाळवीकडूनच घास भरवून घेतो. स्वतः काडी हलवत नाही. थोडक्यात, घरजावई. बाहेर काढला की थोड्या वेळात मरतो, तेही जावयाला शोभेलसंच.

या खेपेला तज्ज्ञांचं उत्तर आलं नाही, फोन आला. सरांनी तो उभ्याउभ्या घेतला आणि घेता घेता खाली बसले. तज्ज्ञ म्हणाले होते, "राठोड, हे मी कधी पाहिलेलं नाही. कुठल्या ग्रंथातही नाही. पण ही मादी आहे. नर आणा. त्याशिवाय मी नवीन जात म्हणून सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नका."

म्हणजे आता सगळं एका नरावर आलं होतं. तो मिळाला की राठोड सरांची स्वतःची अशी एक जात जगाच्या यादीत जाणार. नावही ठरलं होतं: बोरतळा, त्याला लॅटिनचं शेपूट लावून. ज्या तांड्याला सरकारदरबारी अजून महसुली गाव म्हणून मान्यता नाही, ज्याचं नाव एसटीच्या पाटीवर नाही, तो तांडा पृथ्वीवर माणूस वाचतो आहे तोवर छापलेला राहणार, असं सर म्हणाले. शेण मी सांभाळलं, चाळण्या माझ्या गेल्या आणि नाव तांड्याचं, हे मला टोचलं. खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी ते इतके खूश होते की मी भांडण पुढे ढकललं.

भर पावसात वारूळ फोडलं तर पाणी शिरून आतली सगळी वसाहत मरेल, नर मिळायचा नाही आणि पुढे कधीच मिळणार नाही. पाऊस गेल्यावर हळूहळू थर काढत उघडा, असं तज्ज्ञांनी बजावलं. म्हणून सर लगोलग पुन्हा तांड्यावर गेले, मीही सोबत होते. धरमसिंगला घेऊन वारुळापाशी उभे राहिले. दोघं भाऊ आपसात गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतात, मी इथे वाचणाऱ्यांच्या सोयीनं वऱ्हाडीत देते, फक्त भावाला म्हणायचा "भिया" तेवढा ठेवते.

"धरम, हे वारूळ राख. पोरीले सांग, आता इथली माती नेऊ नका. कोनाचा हात लागला नाई पायजे."

"काहून? काय हाये याच्यात?"

सर घुटमळले. तेवढ्यात तांड्याचे नायक घनश्याम आणि पाठोपाठ आणखी चार माणसं येऊन उभी राहिली. आता "किडा" म्हणावं तर पुन्हा हशा. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. तो शब्द ओठांवर आला आणि परत गेला.

"लय मोठी चीज हाये," ते म्हणाले. "साऱ्या जगात नाई, थे आपल्या तांड्यात हाये. मी पाह्यलं. पाऊस गेला की येतो, तवा सांगीन."

नायकानं वारुळाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि डोक्याचं पागोटं नीट केलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी बाई मराठीची, मला वाटलं, बोललेल्या वाक्याचा अर्थ तेवढाच असतो.

त्यानंतर कॉलेजात तपासणी समिती यायची होती. आमच्याकडे तपासणी म्हणजे शिकवणं थांबवून भिंती रंगवायच्या. सरांकडे कुंड्या, प्रयोगशाळेतले बेडूक आणि मुलींचं स्वागतगीत अशी खाती आली. तांड्यावर जायला सवडच मिळेना. ते अधूनमधून फोन करत. "वारूळ बरं हाये ना?" तिकडून धरमसिंग छातीठोक सांगे, "एकदम! तू ये त खरं, भिया, पाहतच राहशीन." सर फोन ठेवून मला म्हणत, "भाऊ असावा त असा." मी म्हणे, हो बाई.

दसरा झाला, आभाळ निवळलं आणि एका रविवारी आम्ही मोटरसायकलवर निघालो. पिशवीत लहान कुदळ, चिमटे, स्पिरिटच्या बाटल्या आणि माझी रव्याची नवी चाळणी. सर वाटेत गुणगुणत होते. त्यांना गाता येत नाही.

तांड्याच्या वळणावर आधी झेंडा दिसला. मग ऐकू आला नगारा. मग दिसलं टिनाचं छत, त्याखाली सिमेंटचा ओटा, ओट्यावर रंगीत फरशी, आणि त्या फरशीच्या मधोमध नखशिखांत शेंदूर फासलेलं, वर पितळी नाग बसवलेलं, चारी बाजूंनी गळ्यापर्यंत सिमेंटमध्ये चिणलेलं आमचं वारूळ. कमानीवर "जागृत देवस्थान वारूळबाबा" आणि खाली, जरा लहान अक्षरांत, "शोधकर्ते: प्रा. धनसिंग राठोड".

सरांनी गाडी स्टँडवर लावली तीही दोनदा घसरली.

घडलं होतं ते असं. साऱ्या जगात नसलेली चीज आपल्या वारुळात आहे, ती शिकलेल्या माणसानं डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती काय आहे हे सांगायला तो घाबरतो आहे. यातून देवाशिवाय दुसरं काय निघणार? धरमसिंगनं आधी इमानानं काट्यांचं कुंपण केलं. कुंपण पाहून बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. मानीबाई नावाच्या म्हातारीच्या स्वप्नात बाबा आले. नवरात्रात लोक दर्शनाला यायला लागले, तर उन्हात कसे उभे राहणार म्हणून मांडव, मांडवाला कायमचं छत, छताखाली ओटा. यातलं एकही पाऊल चुकीचं नव्हतं, हीच खरी अडचण. आपल्याकडे एखादी गोष्ट जपायची म्हणजे तिला देव करायचं, दुसरी रीत आपल्याला येतच नाही.

धरमसिंग धावत आला. त्यानं पांढराशुभ्र सदरा घातला होता आणि आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "राखलं का नाई, भिया? तू म्हनला तसंच राखलं. पोराईले जवळ फिरकू देल्लं नाई."

"आन वाळवी?" सरांनी विचारलं.

"वाळवी?" धरमसिंग हसला. "एक बी नाई ठेवली! मांडवाच्या बाभळीच्या मेढी खात होती ना साली. मंग म्या कृषी केंद्रातून जालीम दवा आनली, चांगली भोकाभोकातून वारुळात वतली. बाबाच्या अंगावर एक मुंगी बी दिसनार नाई तुले."

मी कपाळाला हात लावला. सर लिंबाच्या झाडामागे गेले आणि त्यांनी तज्ज्ञांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तज्ज्ञांना आधी विश्वासच बसेना. मग ते म्हणाले, "ऐका, मेलेला असला तरी चालेल. तो अवयव टणक असतो, टिकतो. आत पोचा. आज पोचा. दुसऱ्या मुंग्या शिरल्या तर सगळं उचलून नेतील, मग काही उरणार नाही."

म्हणजे अजून आशा होती. फक्त पितळी नाग काढायचा, शेंदूर खरवडायचा, फरशी उखडायची आणि सगळ्या तांड्यादेखत वारूळबाबाला कुदळ घालायची.

"घाला," मी म्हणाले. "तुम्ही बोलू नका, मी सांगते सगळ्यांना. देव नाही, किडा होता म्हणून सांगते. हसू देत हसतील ते. इतकी वर्षं याच्यासाठीच शेणात हात घातले ना? द्या ती कुदळ."

सरांनी पिशवी उघडली. कुदळ हातात घेतली. खरं सांगते, मला वाटलं, आज हा माणूस करणार.

तेवढ्यात सासूबाई आल्या. नवा घागरा, नवी ओढणी, हातात नारळ. इतकं ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाटेत दोन बायका त्यांच्या पाया पडल्या. पलीकडच्या तांड्यावरच्या होत्या, ओळखीच्याही नव्हत्या. सासूबाई आमच्यापाशी येऊन थांबल्या आणि माझा हात धरून, पण मुलाकडे पाहत म्हणाल्या, "संगीता, आता कोनी हासत नाई वं माह्या पोराले. इचारतात, धनूची याडी, त्याची माय, थे तूच का? म्या म्हनतो, हो, मीच."

सर आईकडे पाहत राहिले. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. कुदळ हळूच पिशवीत परत गेली आणि तिच्यावर माझी चाळणी ठेवली गेली.

"सर," मी दबक्या आवाजात म्हणाले, "आज नाही तर कधीच नाही."

"माईत हाये मले," ते म्हणाले. "राहू दे."

त्यांनी आईच्या हातून नारळ घेतला. उभ्या जन्मात कुठल्या दगडापुढे वाकला नाही असा माणूस ओट्यावर चढला, चप्पल काढायला विसरला म्हणून उतरला, चप्पल काढून पुन्हा चढला आणि त्यानं नारळ फोडला. नगारा थांबला. नायक घनश्याम पुढे झाले. "मास्तर, पाऊस गेला की सांगीन म्हनलं होतं तुमी. सांगा आता, काय पाह्यलं?"

सगळा तांडा ओट्याजवळ सरकला. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"एक जीव होता," ते म्हणाले. "लहानसा. मी त्याच्यासारखा दुसरा पाह्यला नाई." मग सगळ्यांकडे पाहून, "तुमी लय मेहनत घेतली."

लोकांनी जयघोष केला. लहानसा जीव म्हणजे बालरूप, असं मानीबाईनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आम्ही वरण-भात, वांग्याची भाजी खाल्ली. धरमसिंगनं आग्रह करकरून सरांना वाढलं आणि सरांनी सगळं संपवलं. परतताना ते गुणगुणले नाहीत. मला त्यांचं बेसूर गाणं कधी हवंसं वाटेल असं वाटलं नव्हतं. पाठीमागे बसून मी रडले, रागानं रडले. कोणावर रागवावं हेच कळेना, आणि त्याचाच राग जास्त होता.

पुढे सरांनी आसपासची वारुळं पाहिली. शेताशेतांतनं फिरले, मालकांच्या हातापाया पडून माती चाळली. वाळवी सगळीकडे होती, घरजावई कुठेच नव्हता. तज्ज्ञांनी अखेर सुचवलं की नाव न देता एका मादीची साधी नोंद तरी छापावी. पुढे कधी कोणाला नर मिळाला तर तो देईल नाव. म्हणजे बोरतळ्याचं नाव यादीत जाणार नाही, आणि पुढे मागे कोणी साहेब यावा आणि त्यानं आपल्या बायकोचं नाव द्यावं, याची सोय झाली. सरांनी तशी नोंद लिहून पाठवली.

गेल्या आठवड्यात संपादकांकडून एक शंका आली. त्याच ठिकाणाहून पुन्हा नमुने का घेतले नाहीत? स्थान नष्ट झालं असल्यास कारण द्यावं.

सर संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. मी भाकरी थापत होते. त्यांची बोटं थोडी हलली आणि थांबली. मी पिठानं भरल्या हातानं मागे जाऊन उभी राहिले आणि वाचलं. इंग्रजीत एकच ओळ होती. मराठीत तिचा अर्थ असा: वारूळ नष्ट झाले; कारण: लेखकाने स्थानिक लोकांना केलेली जतनाची विनंती.

माझा तोल सुटला. "विनंती? विष ओतलं त्यांनी! सिमेंटात चिणलं! लिहा ना तुमच्या भावाचं नाव, नायकाचं लिहा. तुमचं एवढं मोठं काम गेलं आणि वर दोषही तुम्हीच घ्यायचा?"

त्यांनी ओळ पुन्हा एकदा वाचली, एक स्वल्पविराम नीट केला आणि पाठवायचं बटण दाबलं.

"खोटं काय हाये त्याच्यात?" ते म्हणाले. "मी राख म्हनलं नसतं, त थे वारूळ आजबी जितं असतं."